डोंगरातली सायकल रस्त्यावर आणताना

आमच्या गल्लीत दूध घालायला येणारे मामा अजूनही २८ इंची चाकांची काळी सायकल चालवतात. दोन्ही बाजूंना किटल्या, दांडीला पिशवी, मागे जाड सळयांचे कॅरिअर. किटल्या नसतानाही ही सायकल वीस किलोच्या आसपास भरते. समोरच्या सोसायटीतल्या एका कॉलेजच्या मुलाकडे एकवीस गिअरची माउंटन बाइक आहे, मामांच्या सायकलीपेक्षा चार-पाच किलोंनी हलकी. सकाळी दोघे एकाच वेळी कोपऱ्यावरून निघाले, की सपाट रस्त्यावर मामा सहज पुढे जातात. मुलाचे पाय भराभर फिरत असतात, टायरचा घूं घूं आवाज येत असतो आणि अंतर वाढतच जाते. “सायकल जड चालते,” एवढीच त्याची तक्रार. दोनदा ओव्हरऑइलिंग झाले, चेनला तेल घालून झाले, फरक काही पडला नाही.

जड सायकल हलकी चालते आणि हलकी सायकल जड चालते, हे कोडे उलगडले की आणखी एक गोष्ट कळते. १९८०च्या दशकातली, शॉकअप नसलेली, स्टीलची माउंटन बाइक थोडेसे भाग बदलले की रोजच्या रस्त्याला आणि लांबच्या प्रवासाला इतकी चांगली का ठरते, ती गोष्ट. मी अशी एक सायकल बारा वर्षे चालवतो आहे. अमेरिकेत सॅन होजेला शिकत होतो, तेव्हा एका घरापुढे मांडलेल्या जुन्या सामानात ती मिळाली. परत येताना सुटी करून खोक्यात भरली आणि पुण्याला आणली. तिच्यावर हात चालवता चालवता जे कळत गेले, ते इथे मांडतो.

उसन्या भागांची सायकल

माउंटन बाइक जन्मली कॅलिफोर्नियात, सॅन फ्रान्सिस्कोच्या उत्तरेला मरीन काउंटीत, माउंट टॅमलपायस नावाच्या डोंगराच्या आसऱ्याने. १९७०च्या दशकात तिथली काही तरुण मंडळी १९३० आणि १९४०च्या दशकांतल्या जाड टायरच्या जुन्या सायकली मिळवायची, त्यातही श्विन कंपनीच्या जास्त, आणि वणवे विझवणाऱ्या गाड्यांसाठी काढलेल्या कच्च्या रस्त्यांवरून त्या खाली सोडायची. १९७६ साली त्यातल्या एका उतारावर शर्यती सुरू झाल्या. उताराचे नावच ‘रिपॅक’ पडले. या सायकलींचा ब्रेक मागच्या हबच्या पोटात असे आणि पायडल उलटे दाबले की लागे. साधारण ४०० मीटर खाली उतरेपर्यंत हब इतका तापायचा की आतल्या ग्रीसचा धूर व्हायचा. मग हब उघडायचा आणि नवे ग्रीस भरायचे, म्हणजेच रिपॅक करायचे.

१९७७ साली जो ब्रीझ याने खास या कामासाठी नवी फ्रेम बांधली. १९७९ मध्ये गॅरी फिशर आणि चार्ली केली यांनी टॉम रिचीच्या फ्रेम घेऊन सायकली विकायला सुरुवात केली. १९८१ मध्ये स्पेशलाइज्ड कंपनीची ‘स्टम्पजंपर’ आली, जपानमध्ये मोठ्या संख्येने तयार झालेली, आणि हा प्रकार दुकानादुकानांत पोचला.

या इतिहासात मला सगळ्यात मोलाचा वाटतो तो उसनवारीचा भाग. माउंटन बाइकचे म्हणून सुटे भाग तेव्हा कुठेच मिळत नव्हते. चढासाठी तीन चेनव्हीलचा क्रँक हवा होता. तो फ्रान्समधल्या टूरिंग सायकलींना लागणारा, टी.ए. कंपनीचा मिळाला. जाड टायरच्या दोन्ही बाजूंनी ऐसपैस बसतील असे ब्रेक हवे होते. ते माफाक या फ्रेंच कंपनीचे कँटिलिव्हर, टूरिंगच्या आणि दोघांनी चालवायच्या सायकलींवर वापरले जाणारे. ब्रेकचे लिव्हर मोटरसायकलचे. उतारावर सायकल डगमगू नये म्हणून फ्रेम लांब ठेवलेली. सामान घेऊन दूर जाणाऱ्या माणसाला सायकलीत जे जे लागते, ते या डोंगरी सायकलीत पहिल्या दिवसापासून होते. तिला रस्त्यावर आणणे म्हणजे एका अर्थी माहेरी आणणे.

ही मुभा सगळ्या माउंटन बाइकना नाही. १९८९ साली रॉकशॉक्सचा पुढचा शॉकअप बाजारात आला आणि नव्वदच्या दशकात तो सर्रास बसू लागला. फ्रेम शर्यतीसाठी आखडू लागल्या. म्हणून साधारण १९८३ ते १९९२ या काळातली, साध्या चिमट्याची, क्रोमोली स्टीलची सायकल या कामाला उत्तम. क्रोमोली म्हणजे क्रोमियम आणि मॉलिब्डेनम थोड्या प्रमाणात मिसळलेले स्टील. ते साध्या स्टीलपेक्षा बळकट असते, त्यामुळे नळीची भिंत पातळ ठेवता येते आणि वजन उतरते.

सायकल फक्त पाच जागी कशाला तरी टेकते. रस्त्याला दोन जागी, आपल्याला तीन: हात, बैठक आणि पाय. रूपांतर करायचे ते या पाच जागांचे. मधली फ्रेम जशी आहे तशी चांगली आहे.

रबराचा चेंडू, कणकेचा गोळा

एक रबरी चेंडू आणि एक कणकेचा गोळा कमरेच्या उंचीवरून खाली सोडा. चेंडू आपटतो, चपटा होतो आणि चपटे होताना घेतलेली बरीच ऊर्जा परत देऊन उसळतो. कणीक चपटी होते ती तशीच राहते. तिच्यात गेलेली ऊर्जा उष्णता होऊन विरते.

सायकलचा टायर या दोघांच्या मधे कुठेतरी असतो. चाक फिरते तसा टायरचा रस्त्याला टेकलेला भाग चपटा होतो आणि वर जाताना पुन्हा गोल होतो. चाकाच्या प्रत्येक फेरीत संपूर्ण टायर असा एकदा मळला जातो आणि दर वेळी थोडी ऊर्जा गिळतो. रबर जितके जाड आणि हवा जितकी कमी, तितका तो कणकेकडे झुकतो. माउंटन बाइकच्या टायरवर रबराचे ठोकळेही असतात. मातीत ते रुतून पकड देतात. डांबरावर रुतायला काही नसते, मग ते नुसते वाकतात, मुरडतात आणि सुटताना झटका देतात. तो घूं घूं आवाज म्हणजे ठोकळ्यांच्या ओळी एकामागून एक रस्त्यावर आपटण्याचा आवाज. त्यासाठी लागणारी ऊर्जाही पायांतूनच जाते.

आता हवेचा हिशेब. टायरमधली हवा ज्या दाबाने भरलेली असते, जवळपास त्याच दाबाने टायर रस्त्याला रेटतो. मागच्या चाकावर ५५ किलो भार आहे आणि टायरमध्ये ५० पौंड हवा आहे असे धरू. ५० पौंड म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला साडेतीन किलो. ५५ भागिले साडेतीन, म्हणजे सुमारे १६ चौरस सेंटिमीटर. एका काडेपेटीएवढ्या जागेवर मागचे चाक उभे असते. हवा २५ पौंडांवर आली की तीच जागा दोन काडेपेट्यांची होते, आणि तेवढे जास्त रबर दर क्षणी मळले जाते. आमच्या कोपऱ्यावरच्या मुलाच्या टायरमध्ये मी पंपाने मोजले, तेव्हा २२ पौंड भरले. कोड्याचा मोठा भाग इथेच सुटला. मामांच्या टायरवर उथळ नक्षी असते आणि ते आठवड्याला हवा भरतात.

मग अरुंद टायर लावायचा का? बहुतेकांची पहिली उडी तिकडेच असते, आणि मला ती चूक वाटते. हवेचा दाब सारखा असेल, तर रुंद आणि अरुंद टायरची टेकलेली जागा सारख्याच क्षेत्रफळाची असते. फक्त आकार बदलतो. अरुंद टायरची जागा लांबट, रुंद टायरची आखूड आणि आडवी. आखूड जागेत टायर कमी वाकतो, म्हणून त्याच दाबाला रुंद टायर उलट किंचित हलका चालतो. व्यवहारात रुंद टायरमध्ये हवा थोडी कमी ठेवतात. त्यात हा फायदा बराचसा खर्ची पडतो, पण बदल्यात आराम मिळतो. आणि आराम इथे नुसता सुखासाठी नसतो. खडबडीत रस्त्यावर ताठ टायर प्रत्येक खडीवर सायकलस्वाराला वर फेकतो. आपले अंग थरथरते, स्नायू ते धक्के जिरवतात आणि तेवढी पुढे जाण्याची ऊर्जा खर्च होते. आपले रस्ते पाहता दीड ते दोन इंच रुंदीचा, गुळगुळीत किंवा बारीक नक्षीचा, लवचिक टायर हाच या सायकलीचा खरा टायर. एवढाच बदल करून थांबले तरी अर्ध्याहून जास्त काम झाले.

गुळगुळीत टायर पावसात घसरेल, ही भीती मोटारींवरून आली आहे. मोटारीचा टायर रुंद आणि सपाट असतो, त्याखाली पाणी अडकते आणि तो पाण्यावर तरंगू शकतो. सायकलचा टायर आडव्या छेदात गोल असतो, तो पाणी बाजूला सारतो. ५० पौंड हवेच्या टायरखाली पाण्याचा थर टिकायला ताशी १०० किलोमीटरहून अधिक वेग लागेल. ओल्या डांबरावर पकड रबर देते, आणि गुळगुळीत टायरचे जास्त रबर रस्त्याला लागते. शेवाळ, चिखल, झेब्रा पट्ट्यांचा रंग आणि लोखंडी झाकणे मात्र निसरडीच. तिथे ठोकळेही वाचवत नाहीत.

चौकट: दीड म्हणजे १.५ नव्हे

दुकानात “२६ दीडचा टायर द्या” म्हणालात, तर चुकीचा टायर हाती येऊ शकतो. टायरवर २६ × १.५० असा दशांशात आकडा असेल, तर तो ५५९ मिलिमीटर व्यासाच्या रिमवर बसतो. माउंटन बाइकची रिम तीच. २६ × १½ असा अपूर्णांकात आकडा असेल, तर तो ५८४ मिलिमीटरच्या रिमचा. २६ × १⅜ हा ५९० मिलिमीटरचा. गणितात दीड आणि १.५ एकच, टायरमध्ये नाही. टायरच्या बाजूला बारीक अक्षरांत ४०-५५९ अशी जोडी छापलेली असते: पहिला आकडा रुंदी, दुसरा रिमचा व्यास, दोन्ही मिलिमीटरमध्ये. दुसरा आकडा ५५९ असला की टायर बसणार. जास्तीत जास्त किती हवा भरायची, तेही तिथेच छापलेले असते.

हात कुठे ठेवायचे

माउंटन बाइकचे सरळ हँडल दगडधोंड्यांतून चाक वळवायला उत्तम. पण त्यावर हात ठेवायला एकच जागा असते, आणि त्या जागी तळवे आडवे, मनगटे किंचित मुरडलेली. तासाभराने करंगळी आणि अनामिका बधिर होऊ लागतात. या दोन बोटांची नस तळव्याच्या बाहेरच्या कडेने जाते आणि हँडलवर नेमकी तीच कड दाबली जाते. लांबच्या प्रवासात गुडघे दुखण्याआधी माणसे या बधिरपणाने सायकल खाली ठेवताना मी पाहिली आहेत.

दुसरा प्रश्न वाऱ्याचा. वारा नसलेल्या दिवशीही आपण हवा कापत जातो. वेग दुप्पट केला, तर हवा कापायला लागणारी ताकद आठपट होते. ताशी १२ किलोमीटरला हवा फारशी जाणवत नाही. म्हणूनच मामा ताठ बसूनही आरामात जातात. ताशी २५ला मात्र सपाट रस्त्यावरचा बहुतेक जोर हवेवरच खर्च होतो, आणि हवेला अडवणारी मुख्य वस्तू सायकल नसते, आपले धड असते. म्हणून वेगाने दूर जायचे असेल तर वाकायला जागा हवी, आणि रमतगमत जायचे असेल तर ताठ बसायला.

इथे दोन वाटा फुटतात. पहिली म्हणजे मागे वळलेले हँडल, मामांच्या सायकलीला असते तसे. मुठी जवळ येतात, मनगटे सरळ राहतात. या वाटेचा मोठा फायदा नळीच्या जाडीत आहे. माउंटन बाइकच्या हँडलची नळी मुठीपाशी २२.२ मिलिमीटर जाड असते आणि मागे वळलेली बहुतेक हँडलेही तेवढीच. म्हणजे जुने ब्रेक लिव्हर आणि जुने गिअर लिव्हर उचलून जसेच्या तसे बसवता येतात. एका दुपारचे काम.

दुसरी वाट म्हणजे शर्यतीच्या सायकलीचे, खाली वळलेले ड्रॉप हँडल. त्यावर हात ठेवायला चार-पाच जागा असतात: वरच्या सरळ भागावर, वळणावर, लिव्हरच्या टोपणावर, खाली. दिवसभर हात फिरते ठेवता येतात आणि समोरून वारा आला की खाली वाकता येते. डोंगरातही ही कल्पना चालून गेली आहे. जॅकी फेलन हिने १९८३, १९८४ आणि १९८५ अशी सलग तीन वर्षे अमेरिकेचे राष्ट्रीय माउंटन बाइक विजेतेपद मिळवले ते चार्ली कनिंगहॅमने बांधलेल्या, ड्रॉप हँडलच्या सायकलीवर. १९९० मध्ये जॉन टोमॅकही ड्रॉप हँडल लावून डोंगरी शर्यतींत उतरला. या दोन वाटांच्या मधलाही एक प्रयोग झाला. ग्रँट पीटरसनच्या पुढाकाराने ब्रिजस्टोनच्या अमेरिकी शाखेने १९९२-९३ मध्ये ‘एक्सओ-१’ ही सायकल काढली. २६ इंची चाके आणि मिशांच्या आकाराचे हँडल असलेली ही सायकल डोंगरी चाकांवरची रस्त्याचीच सायकल होती. आज जुन्या सायकलींच्या शौकिनांत तिला फार मान आहे.

ड्रॉप हँडलला मात्र दोन अडचणी आहेत. त्याची नळी मुठीपाशी २३.८ मिलिमीटर जाड. फरक दीड मिलिमीटरचा, पण जुने लिव्हर तिच्यावर चढत नाहीत. ब्रेक आणि गिअर दोन्हींचे लिव्हर नवे लागतात. दुसरी अडचण अंतराची. सरळ हँडलवर मूठ स्टेमच्या, म्हणजे हँडल धरून ठेवणाऱ्या दांड्याच्या, टोकाच्या रेषेत असते. ड्रॉप हँडलवर लिव्हरची टोपणे तिथून बरीच पुढे जातात, आणि माउंटन बाइकची दांडी मुळातच लांब. दोन्हींची बेरीज झाली की पाठ ताणली जाते आणि मान अवघडते. म्हणून ड्रॉप हँडल लावायचे तर स्टेम बराच आखूड आणि उंच घ्यायचा. फ्रेमही नेहमीपेक्षा किंचित लहान असली तर उत्तम.

माझे मत सांगतो. रोज भाजी आणायची, कामावर जायचे, रविवारी ४०-५० किलोमीटर जायचे, एवढ्याला मागे वळलेले हँडल पुरते, आणि बहुतेकांनी तिथेच थांबावे. आठवडाभर सामान लादून निघायचे असेल, तरच ड्रॉप हँडलची खटपट करावी.

अडकित्त्याचा नियम

हँडल बदलताना मी एक चूक केली होती. जुने ब्रेक लिव्हर झिजले होते, म्हणून नवे चकचकीत लिव्हर बसवले. दाबून पाहिले तर लिव्हर दगडासारखे घट्ट. आधीच्या लिबलिबीत लिव्हरपेक्षा हे किती चांगले, असे वाटले. दुसऱ्या दिवशी पुण्यातल्या एआरएआयच्या टेकडीवरून उतरताना दोन्ही लिव्हर पूर्ण ताकदीने दाबले, तरी सायकल जेमतेम मंदावली. एका बाजूला चढता फाटा होता, तिकडे वळवली म्हणून थांबली.

घट्ट लिव्हर म्हणजे जोरदार ब्रेक नव्हे, हे त्या दिवशी कळले. कारण समजायला घरातला अडकित्ता घ्या. सुपारी अगदी कडीजवळ ठेवली, तर थोड्या जोरात फुटते, पण तिथे पाती फार थोडी सरकतात. सुपारी टोकाकडे ठेवली, तर पाती बरीच सरकतात, जोर मात्र कमी पडतो. सरकणे आणि जोर यांचा असा सौदा असतो. एक वाढवले की दुसरे घटते.

ब्रेकमध्ये असे दोन अडकित्ते एका वायरने जोडलेले असतात, एक हँडलवर आणि एक चाकापाशी. जुन्या माउंटन बाइकच्या कँटिलिव्हर ब्रेकला वायर थोडी ओढलेली चालते, पण जोराने ओढलेली लागते. १९९६ साली शिमानोने व्ही-ब्रेक आणला. त्याचे हात उंच, त्यामुळे चाकापाशीच जोर वाढतो. त्याला वायर जास्त ओढावी लागते, जोर कमी चालतो. म्हणून व्ही-ब्रेकसोबत वेगळे लिव्हर आले, भरपूर वायर हलक्या जोराने ओढणारे. मी नेमके तेच लिव्हर जुन्या कँटिलिव्हरला जोडले होते. लिव्हर जरासा दाबला की रबरे रिमला टेकत. वायर भराभर आत येत असल्याने लिव्हर लगेच अडायचा आणि हाताला घट्ट लागायचा. पण माझ्या बोटांचा जोर पुढे पुरेसा वाढतच नव्हता.

उलटी जोडीही वाईट. ड्रॉप हँडलचे साधे लिव्हर थोडी वायर जोराने ओढतात. ते व्ही-ब्रेकला जोडले तर लिव्हर हँडलला टेकेपर्यंत रबरे रिमपर्यंत नीट पोचत नाहीत. रबरे रिमच्या अगदी जवळ आणून बसवली, तर चाकाला थोडा जरी आउट, म्हणजे वाकडेपणा, आला तरी ती घासू लागतात. ड्रॉप हँडलचे साधे लिव्हर आणि जुने कँटिलिव्हर यांची जोडी मात्र छान जमते. ज्या सायकलीला व्ही-ब्रेक आहे, तिच्यासाठी जास्त वायर ओढणारे खास ड्रॉप लिव्हर मिळतात, तेच घ्यावेत.

ब्रेकची रबरे तीस वर्षांत काचेसारखी कडक होतात. वायर, तिचे आवरण आणि रबरे, तिन्ही नवी घातल्याशिवाय जुन्या ब्रेकला नावे ठेवू नयेत. आणखी एक धोका टाळायला हवा. कँटिलिव्हरमध्ये दोन हातांना जोडणारी एक आडवी वायर टायरच्या वर असते. मुख्य वायर तुटली तर ही आडवी वायर खाली पडते, आणि ठोकळ्यांच्या टायरवर पडली तर पुढचे चाक जागच्या जागी अडकून माणूस हँडलवरून पुढे फेकला जाऊ शकतो. पुढचे मडगार्ड लावले की वायर त्यावर अडते.

घाटातला हिशेब

गिअर बदलण्याची गरज सहसा पडत नाही. या सायकलीचे गिअरच तिचे वैभव आहेत. पायडलची एक पूर्ण फेरी झाली की सायकल किती पुढे जाते, ते मोजले की गिअर समजतो. मामांच्या सायकलीत हे अंतर साडेपाच मीटरच्या आसपास आहे, आणि ते एकच आहे. माझ्या सायकलीत पुढे ४८, ३८ आणि २८ दात्यांची तीन चेनव्हील आहेत, मागे १३ पासून ३० दात्यांपर्यंत. दीड इंची टायरसह एका फेरीतले अंतर सर्वांत मोठ्या गिअरमध्ये सुमारे ७.४ मीटर आणि सर्वांत लहान गिअरमध्ये १.९ मीटरच्याही किंचित खाली येते.

आता घाट घ्या. दर १०० मीटरला ६ मीटर चढ, आणि माणूस, सायकल, सामान मिळून १०० किलो. लहान गिअरमध्ये मिनिटाला ६० फेऱ्या मारल्या तर वेग ताशी पावणेसात किलोमीटर होतो, आणि नुसते वर चढायला ११० वॉटच्या आसपास ताकद लागते. तंदुरुस्त माणूस एवढी ताकद बराच वेळ देऊ शकतो. साडेपाच मीटरच्या एकमेव गिअरमध्ये त्याच ६० फेऱ्या मारायच्या, तर तिप्पट ताकद हवी. ती कोणाकडे फार वेळ नसते, म्हणून मामा घाटात उतरून सायकल हातात धरतील. पसरणीच्या घाटात मी चढत असतो, तेव्हा चालणाऱ्या माणसापेक्षा फार जोरात नसतो. पण बसलेला असतो आणि श्वास जागेवर असतो.

हँडल बदलताना गिअरचे लिव्हर बदलावे लागले, तर टक टक न करता सरळ सरकणारे जुन्या पद्धतीचे लिव्हर घ्यावेत. वायर किती ओढायची ते आपला अंगठा ठरवतो, त्यामुळे ते कोणत्याही कंपनीच्या गिअरबरोबर चालतात. एका संध्याकाळी सवय होते.

बैठक, सामान आणि खरेदी

सीटची उंची हा त्या मुलाच्या कोड्याचा उरलेला भाग. त्याची सीट इतकी खाली होती की पाय कधी सरळच होत नव्हता. जिना अर्धवट वाकून चढावा तसे. सीटवर बसून टाच पायडलवर ठेवली आणि पायडल सर्वांत खाली असताना गुडघा जेमतेम सरळ झाला, की उंची बरोबर. मग चवड्याने पायडल मारताना गुडघा हवा तेवढाच वाकतो.

सामानाच्या बाबतीत लांब फ्रेमचे चीज होते. शर्यतीच्या सायकलीत क्रँकपासून मागच्या ॲक्सलपर्यंत ४१ सेंटिमीटर असतात. जुन्या माउंटन बाइकमध्ये ४४ ते ४६. एवढ्या फरकाने कॅरिअरच्या दोन बाजूंना कंठाळीसारख्या पिशव्या लटकवल्या तरी टाच त्यांना लागत नाही आणि ओझे ॲक्सलच्या मागे लोंबत नाही. कॅरिअर आणि मडगार्ड बसवायची भोके फ्रेमवर बहुधा असतातच, आणि जाड टायर काढल्याने मडगार्डला प्रशस्त जागा मिळते.

अशी सायकल विकत घेताना रंगाला भुलू नये. हँडलखालच्या तिरप्या नळीच्या खालच्या बाजूने बोट फिरवावे. तिथे रंगाला सुरकुती किंवा नळीला फुगवटा लागला, तर सायकल समोरून कशावर तरी आपटली आहे. ती सोडून द्यावी. सीटचा दांडा वर-खाली होतो का ते पाहावे. स्टीलच्या नळीत ॲल्युमिनियमचा दांडा वर्षानुवर्षे ओलाव्यात राहिला की दोन्ही धातू एकमेकांना धरून बसतात, आणि कोकणच्या खाऱ्या हवेत हे फार लवकर होते. मागच्या हबची रुंदी मोजावी. जुन्या फ्रेममध्ये १२६ किंवा १३० मिलिमीटर, नंतरच्या चाकांत १३५. स्टीलची फ्रेम जाणकाराकडून तेवढी रुंदावून घेता येते. ॲल्युमिनियमची फ्रेम कधीही वाकवू नये. आपल्याकडे मिळणाऱ्या जाड नळीच्या देशी माउंटन बाइकवरही टायर, हवा आणि सीट हे तीन बदल तितकेच गुण देतात. त्या कोपऱ्यावरच्या मुलाने तेवढेच केले आणि आता तो मामांच्या बरोबरीने जातो.

सगळे जोडून झाले की लगेच लांबच्या प्रवासाला निघू नये. नव्या वायरींची आवरणे पहिल्या काही दिवसांत दबून बसतात, वायरी सैल पडतात आणि चाकाच्या तारा जागा धरतात. साधारण १०० किलोमीटर झाल्यावर ब्रेकच्या वायरी पुन्हा ताणाव्यात, चाकांचा आउट काढून घ्यावा, हँडलचा आणि क्रँकचा बोल्ट पान्याने एकदा आवळून पाहावा. मग पिशव्या लटकवाव्यात, आधी रिकाम्या आणि पुढच्या खेपेला भरलेल्या.